नंदी नमस्कार करत नव्हता

"काकू, हा नमस्कार नाही. याच्या पोटात कळ येतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मी हसत होते.

मोबाइलवरचा व्हिडिओ मीच कौतुकानं उघडून त्यांच्यापुढे धरला होता. त्यात आमचा नंदी देवघरासमोर पुढचे दोन्ही पाय पसरून, छाती फरशीला टेकवून, मागची बाजू वर करून वाकलेला आहे. मागून आमच्या ह्यांचा आवाज येतो, "बघा, बघा, नंदी लिंगाला नमस्कार करायलाय." मला वाटलं, बाई आजारी जनावरं बघून कंटाळल्या असतील, जरा हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला, मग नंदीच्या पोटाखाली हात घालून हलकेच दाबलं. आजवर कुणावर न गुरगुरलेलं ते कुत्रं, त्यानं मान वळवून त्यांच्या मनगटापर्यंत दात नेले आणि मग आपणच लाज वाटल्यासारखी मान खाली घातली.

त्या म्हणाल्या, पॅनक्रियाटायटिस वाटतोय, रक्त तपासून खात्री करू. मला तो शब्द धड उच्चारताही येईना, तेव्हा त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंड, जठराला लागून असलेला एक लांबट अवयव. अन्नातलं तूप-तेल पचवायचा रस तो तयार करतो. एकदम फार स्निग्ध खाणं पोटात गेलं की कधीकधी त्याला सूज येते, आणि मग तो रस अन्न सोडून त्या अवयवालाच पचवायला लागतो. पोटात आतून भाजल्यासारखं होतं. ती कळ सोसवेना की कुत्रं असं वाकतं, पोटावरचा ताण कमी व्हावा म्हणून. इंग्रजीत या वाकण्याला 'प्रेयर पोझिशन' म्हणतात, म्हणजे प्रार्थनेची बैठक. त्यामुळे फसणारे आम्ही पहिले नव्हतो, असंही त्या म्हणाल्या. माझं मन राखायला म्हणाल्या असतील.

मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आता खरं सांगा. याला काय काय खाऊ घातलं?"

आठ दिवसांत हा प्रश्न मला तिसऱ्यांदा कुणीतरी विचारत होतं. आधी दोनदा मी खोटं बोलले होते.

हे सगळं मी लिहून काढते आहे ते असलं चपट्या तोंडाचं कुत्रं ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी. डॉक्टर लोक पुस्तकातलं सांगतील. मी माझ्या हातानं काय केलं ते सांगते.

मी लातूरला खानावळ चालवते. शिकवण्यांसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुली माझ्याकडे जेवतात. पंचवीस वर्षं झाली. कुणाच्या ताटातली पोळी संपली की माझा हात आपोआप जातो. "काकूंना 'बस' म्हटलेलं ऐकू येत नाही," असं पोरी म्हणतात, आणि मला त्याचा अभिमानच होता. आमचं घर लिंगायत. ह्यांचं डाळींचं दुकान होतं, ते आता पुतण्या बघतो. हे सकाळी अंघोळ करून इष्टलिंगाची पूजा करतात, पेपर वाचतात आणि राजकारणावर चिडतात. घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नव्हतं.

नंदी आला तो आमच्या महेशमुळे. महेश नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. तिथल्या एका मित्राचं कुटुंब परदेशी निघालं, त्यांचा इंग्लिश बुलडॉग यानं उचलून घरी आणला. कागदावर त्याचं नाव ऑस्कर होतं. पण पहिल्याच दिवशी ह्यांची पूजा चालू असताना तो समोर येऊन पाय पोटाशी घेऊन, मान ताठ करून असा बसला की हे म्हणाले, हा तर नंदी. झालं. पुढे महेशला बंगळूरला नोकरी लागली, तिथल्या भाड्याच्या घरात कुत्रं चालेना. तो गेला आणि नंदी राहिला. मुलगा गेल्यावर माझ्या हाताला जो रिकामपणा आला, तो मी कशानं भरला असेल ते तुम्ही ओळखलं असेल.

या जातीचं पोट मुळातच नाजूक. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, महेशनं जाताना भिंतीवर कागद चिकटवला होता. तोंड चपटं असल्यानं खाताना ही कुत्री हवा गिळतात, गॅस धरतात, घाईनं खाल्लेलं तसंच परत काढतात. त्याला 'रिगर्जिटेशन' म्हणतात. त्यात पोट हलत नाही, घास जठरात नीट पोचायच्या आधीच परत येतो, न पचलेला. उलटीत पोट आत-बाहेर होतं, तोंडातून लाळ गळते. दोन्हींतला फरक ओळखायला शिका. नंदी आठवड्यातून एकदा तरी घास परत काढायचा, म्हणून जेव्हा खरी उलटी झाली तेव्हा मी म्हटलं, ह्याचं हे नेहमीचंच.

हे घडलं त्या वर्षीचा दुष्काळ लातूरच्या माणसाला सांगायला नको. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं. ताटं धुवायला पाणी नाही म्हणून मी पत्रावळ्यांवर मुलींना जेवायला घालत होते. अशात येळवस आली. बाहेरच्यांसाठी सांगते, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे सगळं शहर कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची खोप करायची, काळ्या आईची पूजा करायची आणि जेवायचं. भज्जी म्हणजे भाज्या आणि दाणे घालून केलेलं बेसनाचं कालवण, आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, धपाटे, गव्हाची खीर, तिळाची पोळी. ज्याला शेत नाही त्याला हाताला धरून न्यायचं. त्या दिवशी कुणाला 'नको' म्हणायचं नसतं आणि कुणाचं 'नको' ऐकायचंही नसतं.

आमचं शेत चाकूरजवळ आहे. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती, हरभरा उगवलाच नव्हता, विहिरीत दगड दिसत होते. खोपीला कडबासुद्धा दुसऱ्याचा आणला. पिकात काही नाही म्हणून की काय, बायकांनी त्या वर्षी डब्यात हात सैल सोडला होता. ह्यांनी मला निघतानाच बजावलं, नंदीला तुपाचं काही घालू नको, मागच्या दिवाळीला त्याचं पोट बिघडलं होतं. मी म्हटलं, हाव, न्हाई घालत.

आणि काय केलं? हे बांधावरच्या लोकांशी बोलत बसले तशी मी नंदीला खोपीमागं नेलं. तूप थापलेली तिळाची पोळी दिली. एक संपली, तो तोंडाकडे बघत राहिला, दुसरी दिली. मग वाटीभर खीर. मग भज्जीतला शेंगदाण्याचा गाळ. शेजारच्या शेतातल्या बायका आल्या, त्यांनीही उंडे घातले. "मुका जीव हाय, येळवशीला उपाशी ठिवू नये," असं एक म्हातारी म्हणाली. मला ते बोलणं इतकं गोड लागलं की काय सांगू. परत येताना जीपमध्ये नंदी माझ्या पायावर झोपला होता आणि मला वाटत होतं, आज एका जिवाला तरी पोटभर मिळालं.

दुसऱ्या दिवशी पातळ शी झाली. तिसऱ्या दिवशी दोन उलट्या. घरात पुसायला पाणी नाही. हे अर्ध्या बादलीत परातीत उभं राहून अंघोळ करायचे आणि तेच पाणी मी फरशीला घ्यायचे. वास जाईना म्हणून राख टाकायची. गल्लीत सगळ्यांचीच पोटं बिघडली होती, सगळे टँकरच्या पाण्याला शिव्या देत होते. मीही देऊ लागले. ते मला सोयीचं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी, हे पूजेला बसले असताना, नंदी आला, समोर उभा राहिला आणि हळूच वाकला. पुढचे पाय लांब, छाती खाली. ह्यांच्या हातातलं लिंग तसंच राहिलं. डोळ्यांत पाणी आलं ह्यांच्या. मला हाक मारली. मी कणकेच्या हातानं धावले. नंदी तसाच वाकलेला, डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून लाळ. आम्ही दोघांनी हात जोडले. ह्यांनी त्याच्या कपाळाला विभूती लावली आणि प्रसाद म्हणून बोटभर तूपगूळ चाटवला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हेच. शेजारचे बघायला आले. ह्यांनी व्हिडिओ काढून सगळ्या नातलगांना पाठवला. बिलोलीच्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, तुमच्या घरात पुण्याई हाय." तो दिवसातून पाच-सहा वेळा वाकू लागला, कधी देवघरासमोर, कधी मोरीजवळ, कधी जिन्यात. मोरीजवळ वाकला तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी त्याला काहीतरी देत होतं. एकदा नको म्हणून तोंड फिरवलं त्यानं, तर मी तोंड उघडून आत घातलं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायला पाहिजे.

सहाव्या दिवशी तो उठेना. तेव्हा लातूरमधल्या डॉक्टरकडे नेलं. भला माणूस. त्यानं विचारलं, खाण्यात काही वेगळं? हे शेजारी उभे होते. मी म्हटलं, "न्हाई हो, वरणपोळी. नेहमीचंच." त्यानं पुन्हा विचारलं, सणाचं काही, तुपकट? मी म्हटलं, न्हाई. नमस्काराचं तर आम्ही त्याला सांगितलंच नाही, तो आमच्या लेखी आजारात धरायचा प्रकारच नव्हता. मग डॉक्टरनं तरी काय करावं? सगळ्या गावाची पोटं पाण्यानं बिघडलेली, त्यानं तेच धरलं. उलटी थांबायचं आणि जंतूंचं इंजेक्शन दिलं, आणि दोन दिवसांत फरक नाही पडला तर उदगीरला न्या म्हणाला. ते दोन दिवस माझ्या खोट्यानं खाल्ले. नवऱ्याचं एक बोलणं चुकवायला मी ते बोलले होते, दुसरं काही कारण नाही.

उदगीरला जनावरांचा मोठा दवाखाना आहे. आम्ही सकाळी पोचलो तर आवारात म्हशी, शेळ्या, एक पाय मोडलेलं वासरू, आणि त्यांची माणसं सावली धरून बसलेली. चाऱ्याच्या नावानं काहीबाही खाऊन पोटं फुगलेली जनावरंच जास्त. नंदीला चादरीत घालून आम्ही दोघांनी उचललं होतं. एक जण म्हणाला, हे डुकराचं पिल्लू हाय का? मला राग आला नाही, त्याची म्हैस त्याच्यासमोर मरायला टेकली होती. त्या दिवसांत उदगीर नवा जिल्हा होणार अशी बोलणी जोरात होती. तो दुसऱ्याला सांगत होता, जिल्हा झाला की दवाखाना मोठा व्हईल, औषधं इथंच मिळतील. दुसरा म्हणाला, पाणी मिळंल का तेवढं सांग. 

तिथं या बाई भेटल्या. तरुण होत्या, माझ्या खानावळीतल्या मुलींपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी तो व्हिडिओ बघून मला विचारलं, खरं सांगा.

टेबलावर नंदी आडवा. हिरड्या पांढुरक्या पडलेल्या. बाईंनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच खाली बसली नाही. शरीरातलं पाणी आटलं की असं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. फरशीकडे बघत सांगितलं, येळवशीला दोन तिळाच्या पोळ्या, तूप लावून. खीर. भज्जी. उंडे किती ते माहीत नाही. नंतर रोज दूध-पोळी कुस्करून, पोट बिघडलंय म्हणून दुधात तूप घालून. खानावळीतली उरलेली खिचडी. तोंड उघडून घातलं.

मला वाटलं आता हे बोलतील, आणि चारचौघांत बोलतील. ह्यांचा आवाज आला, तो फार बारीक होता. "डॉक्टर, रोज पूजेनंतर तूपगूळ मी द्यायचो. वाटीभर. हिला ठाव न्हाई. आन् ते वाकायला लागल्यावर दोन वाट्या."

एकाच घरात, एकाच जिवाला, आम्ही दोघं एकमेकांपासून लपवून घालत होतो. बाईंनी लिहून घेतलं आणि रक्त घेतलं. रक्ताची एक झटपट चाचणी असते, थोड्या वेळात पट्टीवर ठिपका उमटतो. ठिपका गडद होता. मग सोनोग्राफी. पडद्यावर त्या सुजलेली जागा दाखवत होत्या, मला तिथं धुकं दिसत होतं.

पाच दिवस आम्ही उदगीरला राहिलो, माझ्या धाकट्या बहिणीकडे, शोभाकडे. खानावळ बंद ठेवली. पंचवीस वर्षांत येळवशीचा दिवस सोडला तर कधी न लावलेलं कुलूप लावलं. रोज सकाळी आठला दवाखान्यात जायचं, नंदीच्या पायात सुई, सलाईन, दुखणं थांबवायचं इंजेक्शन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, आणि दुपारपर्यंत सलाईनचे थेंब बघत बसायचं.

सुरुवातीला तोंडानं काही नाही, उलटी थांबेपर्यंत. सगळ्यांत अवघड हे होतं. सलाईननं थोडी धुगधुगी आली की तो डोळे उघडून माझ्या हातांकडे बघायचा. या हातातून नेहमी काहीतरी येतं, हेच त्याला माहीत. मी हात पदराखाली घालून बसायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा श्वास घरघरू लागला. बुलडॉग नेहमीच घोरतात, पण ही घरघर ओली होती. तसंच पुन्हा दवाखान्यात नेलं, बाईंनी स्टेथोस्कोप छातीला लावून बराच वेळ ऐकलं. या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना उलटीचा आणखी एक धोका असतो. उलटीतलं थोडं श्वासनळीत गेलं की फुप्फुसाला सूज येते, त्याला 'ॲस्पिरेशन न्यूमोनिया' म्हणतात. डोकं उंचावर ठेवा म्हणाल्या. औषध बदललं. मी विचारलं, वाचंल का हो? त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाल्या, "उद्याचा दिवस जाऊ द्या, मग बोलू."

त्या दिवशी महेशला फोन केला. तोपर्यंत त्याला सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं आम्ही नमस्काराच्या व्हिडिओबद्दल बोलतोय, तो हसायलाच लागला. मी म्हटलं, बाबा रे, ते दुखणं होतं, आन् मी त्याला खाऊ घालून मारायला निघाले. त्याचं हसणं थांबलं. म्हणाला, भिंतीवरचा कागद वाचला होतास ना, आई? मी म्हटलं, वाचला होता. त्यानं फोन ह्यांच्याकडे द्यायला सांगितलं. त्या एवढ्यानं मला जे लागलं ते शिवीनंही लागलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून नंदीचं डोकं मांडीवर घेऊन होते. हे समोर उभे. हे कधी नवस बोलत नाहीत, आमच्यात ते बसतही नाही. त्या दिवशी लिंग हातात घेऊन हे फक्त म्हणाले, "देवा, मला कळलं न्हाई." एवढंच. दोनदा म्हणाले.

दुपारी घरघर कमी झाली. चौथ्या दिवशी बाईंनी चमचाभर भाताची पेज त्याच्या ओठाला लावली. त्यानं वास घेतला, चाटली. आम्ही दोघं, बाई, आणि झाडूवाली मावशी, त्याच्या तोंडाकडे बघत होतो. उलटी आली नाही. तासाभरानं दुसरा चमचा. मला रडू आलं, आणि एका चमच्यावर समाधान मानायची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

घरी सोडताना बाईंनी अर्धा तास बसवून सांगितलं. जन्मभर तूप, तेल, दूध, खीर, गोड बंद. कांदा-लसूण कुत्र्याला विषच, भज्जीत लसूण होता. गव्हाची पोळी बहुतेक याला सोसत नाही. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मोजून. पसरट भांड्यात खडबडीत दगड ठेवून त्याभोवती घालायचं, म्हणजे घाई करता येत नाही. अन्न बदलायचं असेल तर आठवडाभर थोडं थोडं मिसळत बदलायचं. एकच माणूस खायला घालील, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. आणि अंग भरून येण्यासाठी प्रथिनं हवीत, पण चरबी नको. म्हणजे मऊ भात, उकडलेला लाल भोपळा, आणि अंड्याचा पांढरा भाग.

अंडं म्हटल्याबरोबर मी ह्यांच्याकडे बघितलं. माझ्या सासूबाईंनी शेजारी अंड्याचं आमलेट झालं तर खिडकी लावलेली मी बघितली आहे. परतीच्या वाटेवर नळेगाव येईपर्यंत मी मनात ठरवत होते, पनीर बघू, सोयाबीन बघू, काहीतरी बघू.

दुसऱ्या दिवशी हे बाहेर गेले आणि एक कागदाची पुडी हात लांब करून धरत परत आले, विस्तव आणल्यासारखी. गच्चीवर जुनी शेगडी नेली, एक पातेलं वेगळं काढलं, आणि मला वर बोलावलं. पुडीत चार अंडी होती. आम्ही दोघं बघत बसलो. "किती शिट्ट्या करायच्या?" ह्यांनी विचारलं. मला काय माहीत? शेवटी खाली येऊन पोरींना विचारलं, त्या हसून हसून लोळल्या. दहा-बारा मिनिटं, काकू, कुकर नको. सोलताना निम्मं अंडं टरफलाबरोबर गेलं. पिवळं बाजूला काढून ह्यांनीच पांढरं कुस्करलं, भातात मिसळलं. मग खाली जाऊन अंघोळ केली, अर्ध्या बादलीत, आणि पूजेला बसले. मठातल्या स्वामींना विचारावं का, असं मी म्हटलं. हे म्हणाले, "त्याच्या पोटाला विचारलं, बास."

तेव्हापासून नंदीचं खाणं ह्यांच्याकडे. माझ्याकडे नको, असं मीच म्हणाले. माझा हात मला ठाऊक आहे.

उन्हाळा फार वाईट गेला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं बघितलं. या जातीला उकाडा सोसत नाही, तोंड चपटं म्हणून धापा टाकूनही अंग थंड होत नाही. ओल्या पोत्यावर त्याला झोपवायचं आणि ते पोतं भिजवायला पिण्याच्या पाण्यातलं काढायचं. लोक म्हणाले, माणसाला न्हाई आन् कुत्र्याला. खरंच होतं त्यांचं. मी माझ्या वाट्याचं कमी प्याले. मधे एकदा पाहुण्यांपैकी कुणी पेढा भरवला आणि दोन दिवस पुन्हा पोट बिघडलं, पण वाकायच्या आत ओळखलं, त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं आणि पेढ्यासकट सगळं सांगितलं. आधीच्या खोट्याबद्दल लातूरच्या डॉक्टरची मी माफीही मागितली. तो म्हणाला, काकू, सगळेच लपवतात, जनावर बोलत नाही म्हणून लोकांना सोपं जातं.

हे वाक्य तुम्ही लिहून ठेवा. पोट बिघडलं की आधी आठवा, मागच्या दोन-तीन दिवसांत कुणी काय घातलं. घरातल्या प्रत्येकाला विचारा, आणि रागावणार नाही असं सांगून विचारा. दोनपेक्षा जास्त उलट्या, पोट घट्ट, अन्नावरून तोंड फिरवणं, पुढून वाकणं, यातलं एक जरी दिसलं तरी घरचा ओवा-हिंग करत बसू नका.

मला उदगीरच्या बाईंचे, त्या झाडूवाल्या मावशीचे, शोभाचे उपकार मोठे आहेत. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. नंदी वाचला, त्याचं वजन भरलं, पण तो माझ्याकडे यायचा बंद झाला होता. जेवणाच्या वेळेला मी त्याला स्वयंपाकघरातून हाकलायचे, डोळ्याला डोळा भिडवायचे नाही. महिन्याभरात त्यानं तो दरवाजाच सोडला. तो ह्यांच्या मागं मागं फिरायचा. मी मनाशी म्हणायचे, बरोबर आहे, कामापुरता मामा. आपण दिलं काय होतं त्याला, खाणंच ना? ते थांबलं, संबंध संपला. पोटच्या पोराचंही असंच झालं का, असंही एकदा मनात आलं. फोनवर मी महेशला तरी दुसरं काय विचारते? जेवलास का.

एके दुपारी मुली जेवून गेल्या, आवराआवर झाली, आणि मी मागच्या पायरीवर बसले. हे झोपले होते. नंदी आला. दोन पावलांवर थांबला. मग जवळ येऊन त्यानं माझा उजवा तळहात हुंगला, मग डावा. मी दोन्ही हात उघडून त्याच्यापुढे धरले.

"काय न्हाई रे," मी म्हटलं. "माझ्याजवळ काही न्हाई."

मला वाटलं आता वळेल. तो तिथंच बसला. त्याचं ते जड, सुरकुतलेलं तोंड त्यानं माझ्या रिकाम्या हातावर ठेवलं, एक मोठा श्वास सोडला आणि घोरायला लागला. लाळ माझ्या मनगटावरून गळत होती. मी हात काढला नाही. उन्हं भिंतीवरून खाली उतरली, हाताला मुंग्या येऊन तो बधिर झाला, तरी काढला नाही. त्या दिवशी संध्याकाळच्या पोळ्यांना उशीर झाला.